परत ठेवलेली वडी

"कुणी हातावर काही ठेवलं, तर आधी त्याला 'पुष्कळ वर्षं जगा' म्हणायचं आणि मग तोंडात घालायचं. आवडलं नाही तर पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाक, पोरी. पण घेतलेलं परत ठेवायचं नाही. परत ठेवलं की देणाऱ्याचा हात उघडा पडतो."

हे नोनाचं बोलणं. थेक्ला तेव्हा पाच वर्षांची असेल. कुणाच्या तरी नामदिनाला बदामाची कडवट मिठाई तिने तोंडातून काढून बशीत ठेवली होती, तेव्हा नोनाने तिला दाराआड नेऊन हळूच हे सांगितलं होतं. नोना म्हणजे तिची धर्माची आई. बाप्तिस्म्याच्या दिवशी याच बाईने तिच्या उघड्या अंगाला तेल लावलं आणि तिला हातांवर घेऊन, देवळात उभं राहून तिचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. थेक्लाची आई लवकर गेली, तेव्हापासून 'धर्माची' हा शब्दही गळून पडला होता.

आता थेक्ला बावन्न वर्षांची होती आणि अथेन्समध्ये परदेशी पाहुण्यांना जुने अवशेष दाखवण्याचं काम करत होती. सव्वीस वर्षं ती जुन्या देवळाच्या टेकडीवर चढत-उतरत होती. कुठल्या पायरीवरचा संगमरवर किती गुळगुळीत झालाय हे तिच्या तळपायांना पाठ होतं.

त्या दिवशी संत कीरियाकीचा सण होता, म्हणजे नोनाचा नामदिन, कारण नोनाचं नाव तेच. सकाळी घरातल्या देवापुढचा दिवा उजळताना थेक्लाला तो आठवला होता. शुक्रवार होता, तिचा उपास होता. संध्याकाळी काम आटोपलं की लाल कार्नेशनची फुलं घेऊन जायचं, असं ठरवून ती बाहेर पडली होती. नामदिनाचं आमंत्रण कुणी करत नाही. ज्याचा दिवस त्याचं दार उघडं असतं, येईल त्याचं तोंड गोड करायचं असतं. नोनाच्या बेटावरची रीत तर त्याहून पुढची. ती मिठाईचं तबक घेऊन उंबऱ्यावरच बसायची आणि गल्लीतून जाईल त्याला थांबवायची. मग तो पोस्टमन असो की वाट चुकलेला परका.

त्या दिवशीचा गट एकतीस जणांचा, कॅनडाहून आलेला. बरोबर कंपनीचा व्यवस्थापक कोस्मास होता. कोस्मासच्या मनगटाला घड्याळ नव्हतं, घड्याळाला कोस्मास होता, असं सगळ्या वाटाड्या बायका म्हणायच्या. उन्हामुळे टेकडी बाराच्या आत बंद होणार होती आणि साडेअकराला खालच्या संग्रहालयात शिरायची वेळ बांधून दिलेली होती.

फाटकापाशी थेक्लाने सगळ्यांच्या कानांत ती छोटी यंत्रं बसवून घेतली. त्यामुळे तिला ओरडावं लागत नसे. गळ्यापाशी लावलेल्या माइकमध्ये ती कुजबुजली तरी एकतीस कानांत पोचे. मग तिने रोजची सूचना दिली.

"एक लक्षात ठेवा. कुणी तुमच्या हातावर काही ठेवलं, मनगटाला दोरा बांधला, फूल दिलं, तर हात मागे घ्या. घेतलंत की पैसे मागतात."

लोक हसले. एका उंच गृहस्थांनी दोन्ही हात खिशात घालून दाखवले. सूचना खोटी नव्हती. खालच्या रस्त्यावर एक माणूस खरोखरच लोकांच्या मनगटाला दोरे बांधून दहा युरो मागत असे. सव्वीस वर्षं रोज सांगून ते वाक्य थेक्लाच्या जिभेवर इतकं बसलं होतं की, ते नोनाच्या शिकवणीच्या बरोबर उलटं आहे, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

वर सगळं नीट झालं. खांब सरळ दिसतात पण सरळ नाहीत, हे तिने सांगितलं. अथेनाच्या ऑलिव्हच्या झाडापाशी फोटो झाले. विनिफ्रेड नावाची सत्तरीची एक बाई होती, तांबूस केसांची, तिला चढाचा त्रास होत होता. ती सारखी थेक्लाच्या शेजारी चालत होती आणि बारीक बारीक प्रश्न विचारत होती. हे दगड कुणी कोरले, त्यांची नावं कुठे आहेत का, त्यांच्या बायका कुठे राहायच्या. असे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. थेक्लाला ती आवडली होती.

अकरा वाजता कोस्मासने घड्याळ पुढे केलं.

"खाली आनाफिओतिकातून उतरव."

"त्यापेक्षा रस्त्याने जाऊ. पायऱ्या अरुंद आहेत, म्हातारी माणसं आहेत."

"पांढरी घरं आणि निळी दारं त्यांना बघायची आहेत, थेक्लामॅडम. पत्रकात फोटो छापलाय. शिवाय वाट आखूड आहे. काय अडचण आहे?"

अडचण सांगण्यासारखी नव्हती. आनाफिओतिका ही टेकडीच्या कुशीतली वस्ती. आनाफी बेटावरच्या गवंड्यांनी बांधलेली दोन-दोन खोल्यांची घरं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं अशी गल्ली. थेक्ला तिथेच जन्मली होती. तिचा बाप वरच्या देवळाचे दगड सांधायला रोज याच पायऱ्या चढून जायचा. पण गटांशी बोलताना तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. लोकांना विद्वान बाई हवी असते, गवंड्याची मुलगी नको असते, असं तिनेच कधीतरी ठरवून टाकलं होतं. आणि गट घेऊन ती नोनाच्या गल्लीत पाऊल टाकत नसे. नोनाकडे कुणी प्राणीसंग्रहालयात बघावं तसं बघू नये म्हणून, असं ती स्वतःला सांगे. ते अर्धं खरं होतं.

नोना सकाळच्या उपासनेला गेली असेल, अजून परतली नसेल, असं मनाशी म्हणत ती उतरू लागली.

नोना परतलेली होती. काळा झगा, केसांना पांढरा रुमाल, उंबऱ्यावर उशी, मांडीवर तबक. तबकात लुकुमी. गुलाबपाण्याच्या, साखरेत लोळवलेल्या मऊ वड्या. उपासालाही चालतात म्हणून तिने याच आणल्या असणार. पहिल्यांदा तिला थेक्ला दिसली, मग थेक्लाच्या मागे वळणावरून एकेक करून उतरणारी माणसं. ऐंशी वर्षांच्या त्या तोंडावर असं काही फुललं की थेक्लाने नजर खाली घेतली.

नोना भिंतीला धरून उठली. तबक पुढे केलं. "या, या. देवाने पाठवलं तुम्हाला," ती आपल्या भाषेत म्हणाली.

सगळ्यांत पुढे विनिफ्रेड होती. तिने एक वडी उचलली. मागून त्या उंच गृहस्थांनी हसत विचारलं, "हे त्यातलंच का? पैशांचं?"

चौघे-पाचजण हसले. कोस्मास मागून पुढे रेटत होता. साडेअकराला बारा मिनिटं होती. एकतीस माणसांनी एकेक वडी घेतली असती, पाणी प्यायलं असतं, नोनाने प्रत्येकाचं नाव विचारलं असतं, आणि मग विचारलं असतं, या थेक्लाला मी कधीपासून ओळखते ते सांगू का.

"हो," थेक्ला माइकमध्ये म्हणाली. अगदी हळू. "नंतर पैसे मागेल. चला, उशीर होतोय."

विनिफ्रेडची बोटं तोंडापर्यंत गेली होती. ती तिथेच थांबली. तिने वडीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि कानकोंडं हसून वडी परत तबकात ठेवली. ठेवताना ती जपून, होती तिथेच ठेवली.

"तुमच्या ओळखीची आहे का ही?" तिने विचारलं.

"नाही," थेक्ला म्हणाली.

मागचे लोक हात खिशात घालून, अंग चोरून, तबकाच्या बाजूने एकेक करून उतरले. कुणी कुणी फोटो काढला. नोना भिंतीला टेकली, म्हणजे त्यांना वाट मिळावी. तिच्या हातातलं तबक तसंच पुढे धरलेलं होतं. थेक्ला तिच्यापासून दोन हातांवरून गेली आणि तिने मान वळवली नाही.

संग्रहालयात ती दीड तास बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. एवढंच आठवलं की, एका मोडक्या दगडी घोड्यापाशी विनिफ्रेड ओल्या कागदाने बोटांची साखर पुसत उभी होती, आणि कागद कुठे टाकावा ते न कळून तिने तो पर्समध्ये ठेवला. दुपारभर थेक्लाच्या तोंडात थेंब गेला नाही. उपास होता म्हणून नव्हे. पोटाचा उपास ती लहानपणापासून पाळत आली होती. जिभेला मात्र तिने मोकाट सोडलं होतं.

संध्याकाळी ती फुलं घेऊन गल्लीकडे निघाली. जाऊ नये, डोकं दुखतंय असा निरोप पाठवावा, असं तीनदा मनात आलं. पण नामदिनाला न जाणं म्हणजे आणखी एकदा ओळख नाकारणं.

आत शेजारचा म्हातारा बार्बा स्टाथिस बसला होता. जन्मभर पाथरवटाचं काम केलेला, थेक्लाच्या बापाचा सोबती.

"पुष्कळ वर्षं जग, नोना," थेक्ला म्हणाली आणि तिने तिच्या हाताचं चुंबन घेतलं. नोनाने हात मागे घेतला नाही.

"ये. सकाळी घाईत होतीस. बस आता."

"आज काय थाट होता म्हणून सांगू," बार्बा स्टाथिस म्हणाला. "राणीसाहेबांची स्वारी. मागे सगळी फलटण. मी वरच्या पायरीवरून बघत होतो. किती होती गं?"

"एकतीस," थेक्ला म्हणाली.

"एकतीस. आणि तबकातली एक वडी हलली नाही. कॅनडात साखरेला बंदी आहे की काय?"

"ऊन होतं," नोना म्हणाली. "उन्हात कुणाला गोड जातं?"

"मला गेलं. मी चार खाल्ल्या."

"तुम्हाला विषही जाईल, पाण्याचा पेला भरलेला असला म्हणजे झालं."

"पेल्यात पाणी देतेस म्हणून तर जगलोय. दुसरं काही दिलं असतंस तर केव्हाच सुखाने मेलो असतो."

नोना हसली. मग म्हणाली, "आमच्या थेक्लाने माझ्या दाराशी आणली ना एवढी माणसं, तेच खूप. तिच्यामागे हजार कामं. आपल्यासारखं नाही तिचं, दिवसभर पायरीवर बसून गल्लीची पहारेदारी."

बार्बा स्टाथिसने थेक्लाकडे एकदा पाहिलं. मोठ्या भुवयांखालून, शांतपणे. त्याला काही कळलं होतं की नाही, ते तिला समजेना. तो काठी घेऊन उठला, दारातून म्हणाला, "पुढच्या वर्षी थोड्या कमी आण. उरल्या की मलाच खाव्या लागतात," आणि गेला.

दोघीच राहिल्या. थेक्लाने पेले गोळा केले आणि मोरीपाशी जाऊन धुवायला घेतले. पाठ फिरवून बोलणं सोपं जाईल असं तिला वाटलं.

"नोना, सकाळी संग्रहालयाची वेळ ठरलेली होती. एक मिनिट उशीर झाला की आत सोडत नाहीत. तो व्यवस्थापक फार..."

थेक्लाने एकच पेला दोनदा विसळला. आपण अजूनही वाट वाकडी करून चाललो आहोत, हे तिला कळत होतं. तिने नळ बंद केला आणि वळली.

"मी त्यांना सांगितलं की तू पैसे मागशील."

"माहीत आहे."

"कसं?"

"तीस वर्षं खालच्या हॉटेलच्या चादरी धुतल्या मी. त्यांच्या भाषेतला पैशाचा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकले." नोनाने मांडीवरचा रुमाल सरळ केला. "वाईट वाटलं. पण म्हटलं, पोरीला घाई असेल. घाईत माणूस काहीही बोलतं. तू आत्ता आली नसतीस तर मात्र जास्त वाईट वाटलं असतं."

इथे थांबता आलं असतं. नोनाने दार उघडून दिलं होतं, त्यातून बाहेर पडायचं तेवढं बाकी होतं. पण थेक्लाच्या छातीत अडकलेलं हे नव्हतंच.

"त्या बाईने नंतर मला काहीतरी विचारलं होतं. ऐकलंस?"

"हो. तू नाही म्हणालीस. तिला आणखी एक वडी हवी का, असं काहीतरी असेल."

"तिने विचारलं, ही तुमच्या ओळखीची आहे का."

नोनाचा रुमालावरचा हात थांबला.

"ते मात्र मला कळलं नव्हतं," ती म्हणाली.

थेक्लाने आयुष्यात अनेकदा रागावलेली नोना पाहिली होती. ही रागावलेली नव्हती. ती नुसती बसली होती, आणि एकाएकी फार म्हातारी दिसत होती. बाहेर कुणीतरी परका फोटो काढायला दारापाशी थांबला, आत माणसं दिसताच ओशाळून पुढे गेला. कबूल केल्याने मन हलकं होतं असं सगळे सांगतात. थेक्लाला उलट वाटलं की, सकाळचा वार अर्धाच लागला होता आणि उरलेला अर्धा आपण आत्ता, हातात फुलं घेऊन येऊन, पुरा केला. जमिनीने पोटात घ्यावं, असं म्हणतात ते का म्हणतात हे तिला त्या दोन खोल्यांत कळलं.

नोना उठली. देवापुढच्या दिव्याची वात तिने पुढे सरकवली, तेल घातलं, क्रूसाची खूण केली. मग पाठमोरीच म्हणाली,

"या घराची लाज वाटते का गं तुला?"

"वाटायची," थेक्ला म्हणाली. आणखी एक खोटं बोलण्याचं बळ तिच्यात नव्हतं. "आता माझीच वाटते."

"तुझ्या बापालाही वाटायची. वर देवळात दगड सांधताना साहेबांनी विचारलं, कुठे राहतोस, तर तो प्लाका म्हणायचा, खालच्या बऱ्या वस्तीचं नाव. एवढं जवळचं घर, बोट करून दाखवता आलं असतं." ती वळली. "माझं राहू दे. मी तुला तेल लावलंय, मला सोडून तू कुठे जाणार? मी त्या बाईचा विचार करतेय. तांबड्या केसांची. तिने चांगल्या मनाने घेतलं होतं. आता ती घरी जाऊन सांगेल, एका भामट्या म्हातारीपासून मी थोडक्यात वाचले. तिला वडी परत ठेवायला लागली, ती तुझ्यामुळे. तिची काय चूक?"

"तिची काहीच नाही."

"कधी जाणार आहेत ते?"

"उद्या सकाळी साडेआठला. हॉटेलवरून बस सुटते."

"मग."

थेक्लाने पुसलेला पेला फळीवर ठेवला. "मी जाऊन तिला सांगते."

"तिला एकटीलाच?"

"नोना, सगळ्यांसमोर... तिथे कोस्मास असेल. वाटाड्याने माफी मागितली की लोक ते लिहून पाठवतात, कंपनीचं नाव जातं, असं त्याचं म्हणणं. तो पुन्हा मला काम देणार नाही. अख्खा उन्हाळा त्याच्याच हातात आहे."

"सकाळी तू कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांच्या कानांत."

थेक्लाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"सगळ्यांसमोर सांगेन," ती म्हणाली. "तू माझी कोण ते सांगेन. मी कुठे जन्मले ते सांगेन. शब्द देते."

तिने तबकाकडे पाहिलं. "उरलेल्या वड्या बांधून देतेस? बसमध्ये वाटीन."

"नको. दारातलं दारातच घ्यायचं असतं. तू वाटायला लागलीस की ते खाण्यात रमतील आणि तुझं बोलणं राहून जाईल." नोनाने फुलं पाण्यात ठेवली. "तू नुसती जा."

दुसऱ्या दिवशी शनिवार. थेक्लाला सुटी होती. ती नेहमीच्या वेळेच्या आधी उठली, दिवा उजळला, प्रार्थना म्हणताना दोनदा चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. सात वाजता कोस्मासचा संदेश आला. पुढच्या आठवड्यातले तीन गट, वेळा, आणि खाली, 'कालचे लोक फार खूश होते.' तिने तो वाचला. काल जे झालं ते फक्त दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातली एक कुणाला सांगणार नव्हती. बस साडेआठला सुटली की सगळं सुटणार होतं. विनिफ्रेड पुन्हा कधी दिसली नसती. ती बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

मग तिने पायात चपला घातल्या. कामावर जाताना गळ्यात घालायची ती परवान्याची पट्टी खुंटीवरच राहू दिली. तिच्या घरापासून हॉटेल पायी पंचवीस मिनिटांवर होतं. ट्रॉलीबस मिळाली असती, पण चालत गेलं तर वाक्यं जुळवता येतील असं तिला वाटलं. 'ती बाई माझी आई आहे,' हे पहिलं. त्यापुढचं अजून सुचत नव्हतं.

तिने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली आणि भिंतीच्या सावलीच्या बाजूने ती चालू लागली.